पायांवर सूज: गोळी नंतर, आधी कारण शोधा

पैंजण रुतायला लागतं, चपलेचा पट्टा एक भोक पुढे न्यावा लागतो, मोजा काढल्यावर पोटरीवर खोल वळ राहतो. पायांवरची सूज बहुतेकांच्या अशीच लक्षात येते. त्यानंतर घराघरांत जे होतं त्याचा क्रम मात्र उलटा असतो. आधी मेडिकलमधून ‘सुजेची गोळी’, मग गरम पाण्यात मीठ, मग पाणी कमी पिणं, मग कुणीतरी सुचवलेला काढा, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. तोवर सुजेचं मूळ रूप बदललेलं असतं. डॉक्टर विचारतात, आधी कोणता पाय सुजला, सकाळी उठल्यावर असते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. उत्तर कुणालाच नीट देता येत नाही.

हृदय, मूत्रपिंड, यकृत, शिरा, थायरॉइड, रक्तातली प्रथिनं, चालू औषधं, जंतुसंसर्ग, गरोदरपण यांपैकी कशामुळेही पाय सुजू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. निदान डॉक्टरच करतील. पण त्यांना वाट दाखवणारी बरीचशी माहिती घरीच गोळा होते, ती योग्य क्रमाने गोळा केली तर.

## तयारी

शिवणकामाची टेप, वजनकाटा, वही आणि फोटोसाठी मोबाइल लागेल. घरात बीपीचं मशीन असेल तर तेही जवळ ठेवा. घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत भरा. बीपीची, साखरेची, गुडघेदुखीची, काढा, चूर्ण, भस्म, जिमची पावडर, काहीही वगळू नका.

टप्पा १ मध्ये काहीच आढळलं नाही, तरच पुढची नोंद ४-५ दिवस करायची आहे.

## टप्पा १: धोक्याची लक्षणं आधी तपासा

खालचं एकही लक्षण असेल तर नोंदवही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वासाचा त्रास, छातीत दुखणं किंवा बेशुद्धी असेल तर १०८ ला फोन करा.

- एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते. विशेषतः ऑपरेशननंतर, प्लास्टर असताना, बाळंतपणानंतर, कॅन्सरच्या उपचारांत किंवा ४ तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.
- पाय सुजलेला आणि सोबत अचानक धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त. गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते.
- पाय लाल, गरम, ताप आणि थंडी. त्वचेखालचा जंतुसंसर्ग, म्हणजे जुनी माणसं ज्याला धावरं म्हणतात तो.
- गरोदरपणात २० आठवड्यांनंतर चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर अंधारी येते किंवा बरगड्यांखाली दुखतंय. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर इतर काही त्रास नसला तरी थांबू नका.
- लघवी एकदम कमी झाली, चेहरा सुजला.
- शेतात, गवतात काही चावलं आणि सूज वर चढत चालली आहे. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने असं होतं. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू न देता सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या.
- पाय मुरगळला आणि ४ पावलंही टाकता येत नाहीत. एक्स-रे लागेल.

सावधान: मधुमेह असलेल्या माणसाचं पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं आहे पण दुखत नाही, तेव्हा ‘दुखत नाही म्हणजे विशेष नाही’ असं समजू नका. नसा बधिर झालेल्या पायात हाडं आतल्या आत मोडत-सरकत असू शकतात, त्याला शार्को पाऊल म्हणतात. चालत राहिलं की पावलाचा आकार कायमचा बिघडतो. त्या पायावर वजन टाकणं बंद करा आणि त्याच दिवशी दाखवा.

सावधान: दुखणारी, एकाच बाजूची सुजलेली पोटरी चोळू नका, मालिश करू नका. आत गुठळी असेल तर ती सुटून पुढे जाऊ शकते.

## टप्पा २: एक पाय की दोन्ही?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. एक पाय जास्त आणि दुसरा थोडा सुजलेला असतो, लोक जास्त सुजलेलाच दाखवतात आणि ‘एकच पाय’ म्हणून सांगतात. दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी ठेवा आणि टेपने मोजा.

मोजायची जागा ठरलेली हवी. गुडघ्याच्या वाटीखाली समोर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून १० सेंमी खाली पेनने खूण करा आणि तिथला घेर घ्या. दुसरा घेर घोट्याच्या वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथे. दोन्ही पोटऱ्यांमध्ये ३ सेंमीपेक्षा जास्त फरक निघाला तर ती बाब गंभीर समजा, दुखत नसलं तरी.

एकाच पायाची सूज बहुधा त्या पायातल्याच बिघाडाची असते: गुठळी, जंतुसंसर्ग, मार, फुगलेल्या शिरा, लसिकावाहिन्या (अवयवांमधलं जास्तीचं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या) तुंबणं. कधी अडचण ओटीपोटातल्या गाठीची असते आणि सूज मात्र पायाला दिसते. म्हणून कारण न सापडणारी एकाच पायाची नवी सूज, विशेषतः पन्नाशीपुढे, तशीच सोडून देऊ नये. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर रात्रीतून आलेली, चादरीचा स्पर्शही सहन न होणारी लाल सूज बहुधा गाऊटची, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचल्याची असते.

गाऊटचं नाव निघालं म्हणून युरिक ॲसिडबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे कुठल्याही सुजेला पहिली तपासणी हीच होते, आकडा थोडा वर निघतो आणि घरातली डाळ बंद होते. दोन्ही घोट्यांवर रोज संध्याकाळी येणारी, न दुखणारी सूज युरिक ॲसिडमुळे येत नाही.

विदर्भातल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया अशा जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी, किंवा तिथे बरीच वर्षं राहून आलेल्यांनी, एका पायाच्या जुन्या सुजेत हत्तीरोगाचा विचार करावा. मांडीच्या सांध्यात गाठ, ताप, पाय लाल होणं आणि काही दिवसांनी उतरणं असे झटके मधूनमधून येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. डास चावल्यापासून पाय जाड होईपर्यंत वर्षं जातात, त्यामुळे ‘आता कुठे डास आहेत’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

## टप्पा ३: अंगठ्याने दाबून बघा

नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथे अंगठा ठेवा आणि १० सेकंद सारखा दाब द्या. अंगठा काढा आणि त्या जागेवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा खळगा बोटाला कळतो. किती खोल आहे आणि भरायला किती सेकंद लागले ते लिहा. दोन्ही पायांवर करा. पुढच्या वेळी थोडं वर सरकून बघा: खळगा घोट्यापाशीच पडतो, की गुडघ्यापर्यंत?

चुका ठरावीक आहेत. पोटरीच्या मांसल भागावर दाबलं तर काहीच कळत नाही. टोचल्यासारखं एक सेकंद दाबलं तर खळगा पडत नाही. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायावर सूज शोधणं ही सर्रास होणारी चूक आहे. आडव्या माणसाचं पाणी कमरेखाली, माकडहाडाच्या भागात साठतं, त्यामुळे कुशीवर वळवून तिथे दाबून बघा.

खळगा पडत असेल तर सूज पाण्याची आहे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, शिरा, औषधं ही कारणं याच गटात येतात. पडत नसेल, कातडी घट्ट आणि जाड लागत असेल तर लसिकावाहिन्या किंवा थायरॉइडकडे लक्ष जातं. अशा वेळी आणखी एक चाचणी करा: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरा. चिमटीत येत नसेल तर लसिकावाहिन्यांतला निचरा तुंबल्याची ती चांगली खूण आहे.

तपासा: लहान मूल असेल तर दोन्ही पावलांच्या पाठीवर दोन्ही अंगठ्यांनी ३ सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ते तीव्र कुपोषणाचं लक्षण असू शकतं, मूल गुबगुबीत दिसत असलं तरी. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई हेच करून बघतात. सकाळी डोळ्यांभोवती सूज असेल तर मूत्रपिंडाकडे बघावं लागतं. दोन्ही बाबतींत त्याच दिवशी दाखवा.

## टप्पा ४: सकाळ, संध्याकाळ आणि वजन

सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा घेर घ्या, फोटो काढा. फोटो त्याच जागी, त्याच उजेडात, दोन्ही पाय एकाच चौकटीत.

संध्याकाळी चढते आणि सकाळी पूर्ण उतरते ती सूज बहुधा गुरुत्वाकर्षणाची असते, म्हणजे शिरांमधल्या झडपा सैल पडल्याची किंवा तासन्‌तास उभं राहण्या-बसण्याची. शिक्षक, कंडक्टर, दुकानदार, वाहतूक पोलिस, आणि सकाळपासून ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायका यांच्यात ती सर्रास दिसते. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी झाली असेल, खाज येत असेल, निळ्या शिरा उठल्या असतील तर शंका आणखी बळावते. सकाळीही उतरत नसेल तर पुढे शोधायला हवं. सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या आणि दुपारनंतर पाय, हा नमुना मूत्रपिंडाचा.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर करा. पायाचा फुगवटा डोळ्याला दिसेपर्यंत शरीरात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी साठून गेलेलं असू शकतं, काटा ते आधी दाखवतो. ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढ म्हणजे चरबी नव्हे, पाणी. हृदयाचा आजार माहीत असलेल्यांनी या आकड्यावर लगेच डॉक्टरांना फोन करावा.

## टप्पा ५: औषधांची पिशवी उलटी करा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण पुष्कळदा उत्तर इथेच असतं आणि ते शोधायला एक रुपयाही लागत नाही.

पाकिटावर बहुधा दोन नावं छापलेली असतात: एक कंपनीने गोळीला दिलेलं आणि दुसरं आतल्या औषधाचं. आतल्या औषधाचं नाव वाचा. कंपनीने दिलेलं नाव वेगळं असलं तरी आतलं औषध तेच असू शकतं, आणि एका गोळीत दोन-तीन औषधंही असतात. हे सापडतंय का बघा:

- ॲम्लोडिपिन, निफेडिपिन: बीपीच्या गोळ्या. रक्तवाहिन्या सैल केल्यामुळे घोट्यात पाणी झिरपतं. मात्रा जास्त तितकी सूज जास्त, त्यामुळे ५ मिग्रॅची १० मिग्रॅ झाल्यावर सुरू झाली का, हे आठवा.
- पायोग्लिटाझोन: मधुमेहाच्या जोडगोळ्यांमध्ये हे मेटफॉर्मिनसोबत लपलेलं असतं. हृदय कमजोर असलेल्यांना ते देत नाहीत.
- प्रेगाबालिन, गॅबापेंटिन: पायांच्या मुंग्यांसाठी, मणक्याच्या दुखण्यासाठी.
- प्रेडनिसोलोन आणि इतर स्टिरॉइड. सांधेदुखीवरच्या ‘जादू’च्या, पाकिटावर नाव नसलेल्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड सापडलेली आहेत.
- डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन: वेदनाशामक.
- इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, गर्भनिरोधक धरून. यांनी गुठळीचा धोकाही थोडा वाढतो.

आता ‘सुजेच्या गोळी’कडे येऊ. मेडिकलमध्ये सूज म्हटलं की जे हातात पडतं ते बहुधा याच वेदनाशामकांपैकी एक असतं, कधी सोबत सेराशिओपेप्टिडेज जोडलेलं. मार लागून आलेल्या सुजेला ते चालतं. पण हेच औषध मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं. म्हणजे हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या सुजेवर ते घेतलं तर सूज उलट वाढते, बीपी वाढतं, आणि आधीच बीपीची व लघवीची (लघवी वाढवून पाणी काढणारी) गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाचं मूत्रपिंड काही दिवसांत कोलमडू शकतं.

प्रत्येक गोळीपुढे ती कधी सुरू झाली आणि मात्रा कधी बदलली हे लिहा, शेजारी सूज सुरू झाल्याची तारीख. दोन्ही जवळजवळ असतील तर ती ओळ अधोरेखित करा.

सावधान: धागा सापडला म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. घोट्याच्या सुजेपेक्षा पक्षाघात फार महाग पडतो. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. आणखी एक: ॲम्लोडिपिनच्या सुजेवर लघवीची गोळी फारसं काम करत नाही, कारण तिथे शरीरात जास्तीचं पाणी नसतं, ते फक्त चुकीच्या जागी झिरपलेलं असतं.

## टप्पा ६: पाय सोडून बाकी शरीराकडे बघा

सोबत राहणाऱ्या माणसालाही विचारा, कारण ज्याला त्रास असतो तो सवयीने बरंच सांगत नाही.

जिना चढताना धाप लागते का? पूर्वी एका उशीवर झोपणारे आता तीन उशा लावतात का, रात्री गुदमरून उठून खिडकीशी बसतात का? मग हृदय. लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो पाणी टाकूनही जात नाही का? त्यातून प्रथिनं जात असतील. पोट आधी फुगलं आणि पाय नंतर, डोळे पिवळे, दारूचा किंवा कावीळ ‘बी’-‘सी’चा इतिहास? यकृत. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, आवाज जड, कातडी कोरडी? थायरॉइड. नखं-जिभेचा रंग पांढरा पडलाय, पाळीत खूप रक्त जातं? हिमोग्लोबिन. मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या यांचाही पायांच्या सुजेशी संबंध असतो, तो क्वचितच कुणी सांगतो.

## टप्पा ७: डॉक्टरांकडे काय न्यायचं, तपासण्या कोणत्या क्रमाने

अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरते. उदाहरणार्थ:

‘दोन्ही पाय, उजवा थोडा जास्त. १५ दिवसांपासून. दाबल्यावर खळगा, घोट्याच्या चार बोटं वरपर्यंत. संध्याकाळी वाढते, सकाळी थोडी राहते. पोटरी उजवी ३५, डावी ३४.५ सेंमी. वजन ५ दिवसांत ६२ वरून ६३. धाप नाही. लघवीला फेस आहे. ॲम्लोडिपिन महिन्यापूर्वी ५ ची १० झाली.’

एवढ्यावरून डॉक्टरांना औषध आणि मूत्रपिंड या दोन्ही वाटा दिसतात. ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज स्वतःहून करून जाऊ नका. त्यात सत्तर आकडे येतात आणि लघवीची साधी तपासणी नेमकी राहून जाऊ शकते.

सहसा सुरुवात स्वस्त आणि साध्या तपासण्यांनी होते: लघवी (सकाळची पहिली), बीपी, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), अल्ब्युमिनसह (रक्तातलं प्रथिन) यकृताच्या तपासण्या, टीएसएच (थायरॉइडसाठी), ईसीजी. त्यात जे दिसेल त्यावरून पुढे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा पोटाची सोनोग्राफी. एकाच पायाची सूज असेल तर मात्र शिरांची डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आधी.

हत्तीरोगासाठी रक्त रात्री घेतात, साधारण १० नंतर, कारण त्याचे जंतू त्या वेळी रक्तात फिरतात. दिवसा दिलेल्या नमुन्यावर ‘नाही’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पाय बऱ्याच वर्षांपासून जाड असेल तर रात्रीच्या रक्तातही जंतू मिळत नाहीत, पण आजार असतोच.

## टप्पा ८: तोवर घरी काय करायचं

पाय वर. खुर्चीसमोर स्टूल ठेवून भागत नाही. आडवं पडून घोटे छातीच्या पातळीपेक्षा वर हवेत, २०-३० मिनिटं, दिवसातून तीनदा. आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर हे करू नका आणि टप्पा १ कडे परत जा.

घोटा हलवा. पंजा वर-खाली, दर तासाला वीसेक वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. मुंबईहून मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांनी विमानात हे करावं, शक्य तेव्हा उठून चालावं, आणि पायांत बॅग ठेवून जागा अडवू नये.

मीठ. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. भाजीतलं मीठ कमी करून पापड, लोणचं, फरसाण, शेव चालू ठेवण्यात अर्थ नाही. सैंधवही मीठच आहे, उपासाला चालतं म्हणून सुजेला चालत नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाणी. स्वतःहून कमी करू नका, आणि ‘किडनी धुवून निघते’ म्हणून घागरभर पिऊही नका. हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिलेलं असतं, तेच पाळा.

लघवीची गोळी शेजाऱ्याची उसनी घेऊ नका. सोडियम-पोटॅशियम घसरतं, म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतात, आणि सूज तात्पुरती उतरल्यामुळे दाबून बघायला डॉक्टरांच्या हाती काही राहत नाही.

शेक मधुमेहींनी अजिबात घेऊ नये. बधिर पावलाला पाणी किती गरम आहे हे कळत नाही, भाजतं.

क्रेप बँडेज घोट्यापुरतं गुंडाळलं की बोटं सुजतात. ते पावलाच्या पुढून सुरू करून वर न्यायचं, खाली घट्ट आणि वर सैल. दाबाचे लांब मोजे घेण्याआधी पायाच्या धमन्यांची नाडी डॉक्टरांकडून बघून घ्या. चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या माणसाचा रक्तपुरवठा आधीच कमी असू शकतो, त्यात आवळलं तर जखम होते. मोजे सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे आणि रात्री काढायचे. वरचा काठ दुमडायचा नाही, दुमडला की तिथेच फास बसतो.

हत्तीरोगाचा पाय असेल तर रोज साबण-पाण्याने धुऊन बोटांच्या बेचकांत नीट कोरडा करा, भेगा आणि चिखल्या लगेच दाखवा. पाय लाल होण्याचे झटके याच फटींतून सुरू होतात.

उपचार सुरू झाल्यावरही वजन आणि घेराची नोंद दोन आठवडे चालू ठेवा. ॲम्लोडिपिन बदललं असेल तर सूज उतरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, दुसऱ्याच दिवशी फोन करू नका. बदल करूनही दोन आठवड्यांत घेर तसाच राहिला तर तीच वही घेऊन परत दाखवा.